मॉडिंग म्हणजे उमेदवारी

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने अ‍ॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्स या उद्योगांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केलं आणि त्यासाठी ३,२६८ कोटी रुपयांचा आराखडा मांडला. त्याच वर्षी मुंबईत भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्थेचं, म्हणजे आयआयसीटीचं काम सुरू झालं. आता ‘गेम बनवण्यात करिअर’ हा विषय बारावीच्या निकालानंतर घरोघरी निघतो, आणि त्यावरचा वाद भलत्याच जागी जाऊन अडकतो. एक बाजू सांगते, रीतसर अभ्यासक्रम करा, प्रमाणपत्र घ्या, बाकी सगळा टाइमपास. दुसरी विचारते, काउंटर-स्ट्राइकसारखा गाजलेला गेम बनवणाऱ्यांनी कुठला गेम डिझाइनचा डिप्लोमा केला होता? मग दोघंही त्याच चार-पाच प्रसिद्ध नावांवरून भांडत बसतात. एकाला ती नावं अपवाद वाटतात, दुसऱ्याला पुरावा. माझं म्हणणं असं की ही नावं बाजूला ठेवली तरी मॉडिंग ही गेम उद्योगातली आजची सगळ्यात खरी उमेदवारी, म्हणजे काम करत शिकणं, आहे, कारण स्टुडिओत गेल्यावर जे काम करावं लागतं ते हेच. आपल्याकडे ही वाट बंद राहिली आहे ती मुलांमध्ये कुवत नाही म्हणून नाही. मोठ्या माणसांनी आणि कंपन्यांनी ती उघडलीच नाही.

मॉड म्हणजे दुसऱ्याने बनवलेल्या गेममध्ये आपण केलेला बदल किंवा घातलेली भर: नवा नकाशा, नवं शस्त्र, नवं गाव, कधी कधी अख्खा नवा खेळ. १९९३ च्या डिसेंबरमध्ये ‘डूम’ हा गेम आला तेव्हा त्याचा प्रोग्रामर जॉन कार्मॅकने गेमचं इंजिन, म्हणजे गेम चालवणारा मूळ प्रोग्राम, आणि गेममधला माल, म्हणजे नकाशे, चित्रं, आवाज, वेगवेगळ्या फायलींत ठेवले होते. इंजिनला हात न लावता कुणालाही नवा नकाशा जोडता यावा हा त्यामागचा हेतू होता. कंपनीने स्वतःचं नकाशे बनवायचं साधन दिलं नव्हतं, तरी काही महिन्यांतच खेळणाऱ्यांनी ते उभं केलं. डारिओ आणि मायलो कसाली या भावांनी घरी बनवलेल्या नकाशांची कंपनीने दखल घेतली, १९९६ च्या ‘फायनल डूम’मधला अर्धा भाग त्यांच्याकडून करून घेतला, आणि डारिओ पुढे व्हॉल्व या अमेरिकन गेम कंपनीत ‘हाफ-लाइफ’च्या लेव्हल डिझाइनवर गेला. ‘क्वेक’वर ‘टीम फोर्ट्रेस’ नावाचा मॉड करणाऱ्या ऑस्ट्रेलियन पोरांना व्हॉल्वने १९९८ मध्ये कामावर घेतलं. काउंटर-स्ट्राइक हा १९९९ मध्ये दोन तरुणांनी ‘हाफ-लाइफ’वर केलेला मॉड. त्यातला मिन्ह ले तेव्हा कॅनडात विद्यार्थी होता. पुढच्याच वर्षी व्हॉल्वने तो मॉड विकत घेतला. ‘डोटा’ हा ‘वॉरक्राफ्ट ३’ या गेमवर खेळणाऱ्यांनी बनवलेला नकाशा होता. पबजीचा उगम ब्रेंडन ग्रीनने ‘आर्मा’ या गेमवर केलेल्या मॉडमध्ये आहे. आपल्याकडे कॉलेजच्या कट्ट्यावर जे काही खेळलं गेलं, त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा जन्म असा कुणाच्या तरी घरच्या कॉम्प्युटरवर झालेला आहे.

ही यादी वाचून कुणाची छाती फुगत असेल तर त्याला मी आधी थांबवेन, कारण विरोधकांचा पहिला मुद्दा इथेच येतो आणि तो बरोबर आहे. लाखो मॉड बनतात, त्यांतले बहुतेक कुणी डाउनलोडही करत नाही, आणि काउंटर-स्ट्राइक एखादाच होतो. मुलाला ‘तूही कर, तुलाही व्हॉल्व बोलावेल’ असं सांगणं म्हणजे त्याच्या हाती लॉटरीचं तिकीट देणं. पण या आकडेमोडीत एक गृहीतक लपलेलं आहे: मॉड गाजला तरच तो कामाचा. हे कुणी ठरवलं? हौशी नाट्यस्पर्धांतून दरवर्षी किती मोठे नट निघतात? फार थोडे. तरीही १९६३ पासून पुरुषोत्तम करंडकाच्या तालमींत घासलेल्या पिढ्यांनी मराठी रंगभूमी, मालिका आणि सिनेमा यांना लेखक, दिग्दर्शक, प्रकाशयोजनाकार, नेपथ्यकार पुरवले. करंडक मिळाला नाही म्हणून त्या तालमी वाया गेल्या असं कुणी म्हणत नाही. स्पर्धेचं फळ बक्षिसापेक्षा तालमीत जास्त असतं, हे ज्या महाराष्ट्राला नाटकाच्या बाबतीत पक्कं ठाऊक आहे, तो महाराष्ट्र गेमच्या बाबतीत फक्त करंडक मोजायला का बसतो?

तालीम म्हणजे काय, हे जवळून बघू. ‘स्कायरिम’ या गेममध्ये तुम्ही एक खानावळ बांधली, असं समजा. भिंती, टेबलं, शेकोटी, वर झोपायची खोली. दिसायला झकास. पण गेममधल्या पात्रांना ती दिसत नाही. त्यांना चालण्यासाठी जमिनीवर त्रिकोणांची एक अदृश्य जाळी अंथरावी लागते, तिला नॅव्हमेश म्हणतात. ती अंथरली नाही तर खानावळीचा मालक दारातच खिळून उभा राहतो. अंथरली, पण टेबल नंतर हलवलं आणि जाळी पुन्हा कापली नाही, तर तो टेबलात घुसून चालत राहतो. गेमची मूळ जाळी पुसून टाकली तर दुसऱ्या कुणाचा मॉड त्याच जागेवर येताच अख्खा गेम कोसळतो. हे तुम्हाला तुमच्या कॉम्प्युटरवर कधीच कळत नाही. पोलंडमधला कुणीतरी लिहितो, ‘तुझ्या गावात पाऊल टाकलं की गेम बंद पडतो,’ तेव्हा कळतं. मग त्याने कोणकोणते मॉड कोणत्या क्रमाने लावलेत ते विचारा, तीच परिस्थिती स्वतःकडे उभी करा, चूक शोधा, दुरुस्ती द्या, आणि त्या दुरुस्तीने आणखी तिघांचं काय मोडलं ते बघा. पगार घेऊन करायचं काम याहून वेगळं कुठे असतं?

स्टुडिओत पहिल्या दिवशी कुणीही तुम्हाला कोरा कागद देत नाही. तिथे चार वर्षं चालू असलेला प्रकल्प असतो, सोडून गेलेल्या माणसांनी लिहिलेला कोड असतो, अर्धवट कागदपत्रं असतात, आणि तुम्ही केलेला बदल दुसऱ्याच्या कामावर आदळत असतो. दुसऱ्याच्या घरात शिरून, भिंत न पाडता खोली वाढवायची, हेच ते काम. पुण्यात मी हेच करतो आणि नवीन मुलांचे पोर्टफोलिओही बघतो. अभ्यासक्रम करून आलेल्यांच्या कामात बहुतेक वेळा एक सुंदर, रिकामी खोली असते: उत्तम प्रकाश, उत्तम पोत, आणि त्या खोलीत कुणी कधी खेळलेलंच नसतं. ‘इथे खेळणारा चुकला तर काय होतं?’ असं विचारलं की शांतता. मॉड करून आलेल्या मुलाची खोली ओबडधोबड असते, पण हा प्रश्न विचारला की तो थांबत नाही. ‘सुरुवातीला इथे दार होतं, लोक त्याच्याकडे बघायचेच नाहीत, म्हणून दिवा हलवला’ असं तो सांगतो. हा फरक शिक्षकांच्या हुशारीचा नाही. एकाच्या कामाला अनोळखी माणसांनी हात लावला, दुसऱ्याच्या कामाला फक्त परीक्षकाने.

आणि हे टोकाला नेलेलं उदाहरणही आहे. २०१३ मध्ये अलेक्झांडर व्हेलिकी या १९ वर्षांच्या अमेरिकन मुलाने ‘स्कायरिम’साठी ‘फाल्सकार’ नावाचा प्रदेश बनवला. सुमारे दोन हजार तास त्यात घातले, आवाज द्यायला डझनावारी माणसं जमवली. ‘स्कायरिम’ बनवणाऱ्या बेथेस्डात नोकरी मिळावी हा हेतू त्याने उघड सांगितला होता. नोकरी लागली, पण बेथेस्डात नाही, बंजी या दुसऱ्याच गेम कंपनीत. मला या गोष्टीत नोकरीपेक्षा हा पत्ता बदललेला जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्याच्या गेमवर काम केलं त्याने घेतलं नाही, तरी कामातून जे सिद्ध झालं ते दुसऱ्या कंपनीला वाचता आलं. मॉड ही एका मालकाकडे केलेली याचना नसते. सगळ्या उद्योगाला दाखवता येईल असं ते काम असतं.

आता सांस्कृतिक आक्षेप: मॉडिंगमधून नक्कल शिकली जाते, स्वतःचं काही सुचण्याची सवय लागत नाही. हा आक्षेप मराठी माणसाने घ्यावा याचं मला खरंच नवल वाटतं. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं तेव्हा कथा कालिदासाची होती, पण त्यातून मराठी संगीत नाटक नावाची नवीच गोष्ट उभी राहिली. पुढे नाट्यपदांच्या कितीतरी चाली आधीच्या बंदिशींवरून घेतल्या गेल्या, आणि त्यांतूनच एक अस्सल मराठी गाणं तयार झालं. उसनी चौकट घेतली म्हणून कल्पना मरत नाही. उलट चौकट तयार मिळाली की सगळी ताकद एकाच नव्या गोष्टीवर लावता येते. ग्रीनला बंदुका, वाहनं, मैलोन्‌मैल मोकळी जमीन ‘आर्मा’ने दिली, म्हणून ‘शेवटी एकच जण उरेल’ या एका कल्पनेवर त्याला मेहनत घेता आली. निक पिअर्स या ऑस्ट्रेलियन वकिलाने ‘स्कायरिम’वर ‘द फरगॉटन सिटी’ हा मॉड केला. त्याच्या लेखनाला २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियन लेखक संघाचा पुरस्कार मिळाला, आणि २०२१ मध्ये तो स्वतंत्र गेम म्हणून आला. ज्याला सांगायला काही आहे त्याला उसना रंगमंच अडवत नाही.

खरा जड आक्षेप वेगळा आहे. मॉडिंग म्हणजे फुकटची मजुरी. ज्युलियन क्युक्लिश या अभ्यासकाने २००५ मध्येच हा मुद्दा नीट मांडला होता: मॉडर गेमचं आयुष्य वाढवतात, कंपनीला नव्या कल्पना आणि तयार माणसं मिळतात, आणि जोखीम सगळी मॉडरची. इतिहास त्याच्या बाजूने आहे. ‘ड्यूक नुकेम ३डी’साठी चाहत्यांनी बनवलेल्या लेव्हल एका तिसऱ्याच कंपनीने सीडीवर विकल्या, तेव्हा १९९८ मध्ये अमेरिकी न्यायालयाने मूळ गेमच्या मालकाचा हक्क मान्य केला. त्या लेव्हल ज्यांनी बनवल्या त्यांना त्या वादात जागाच नव्हती. २०१५ च्या एप्रिलमध्ये व्हॉल्व आणि बेथेस्डाने ‘स्कायरिम’चे मॉड विकायची सोय केली आणि बनवणाऱ्याला २५ टक्के देऊ केले. खेळणाऱ्यांनी एवढा गदारोळ केला की काही दिवसांतच ती गुंडाळावी लागली. २०२० मध्ये ‘वॉरक्राफ्ट ३’ नव्याने आला तेव्हा तो बनवणाऱ्या ब्लिझार्डने अटीच घातल्या की यात कुणी काहीही बनवलं तरी त्याची मालकी आमची. पहिला ‘डोटा’ व्हॉल्वकडे गेला होता; तसा दुसरा हातातून निसटू नये, ही त्यामागची धास्ती उघड होती. आणि ‘जीटीए ५’ बनवणाऱ्या रॉकस्टारने २०१५ मध्ये त्या गेमवर फाइव्हएम नावाचा मॉड बनवणाऱ्यांची खाती बंद केली होती, २०२३ मध्ये त्याच गटाला कंपनीत सामावून घेतलं. आठ वर्षांत काय बदललं? काम तेच होतं. बदलली ती कंपनीची गरज.

हे सगळं मान्य करूनही मी मुलांना ‘मॉड करू नका’ म्हणणार नाही. शोषण होतं, तर अटी बदलण्यासाठी भांडायचं. त्या अटी मोडीत काढायच्या सोडून शिकणाऱ्याने शिकणंच सोडावं, हा कुठला न्याय? शिवाय मॉडिंगची तुलना कशाशी करायची तेही प्रामाणिकपणे ठरवू. पर्याय जर चांगल्या पगाराची शिकाऊ नोकरी असता तर मॉडिंगला हरवणं सोपं होतं. पण आपल्याकडचा पर्याय बहुतेकदा लाखांची फी भरून केलेला अभ्यासक्रम असतो, आणि त्यानंतर सहा महिने बिनपगारी इंटर्नशिप. तिथेही मुलगा फुकटच राबतो, वर घरच्यांच्या खिशाला भोक. आणि तिथे केलेल्या कामावर त्याचं नावही अनेकदा नसतं. मॉडवर निदान नाव असतं. म्हणून माझा सल्ला दुहेरी आहे. मॉड शिकण्यासाठी करा, आणि त्याला मुदत घाला. वर्ष-दीड वर्षात एक छोटा मॉड पूर्ण करून, लोकांच्या हाती देऊन, दुरुस्त करून मोकळे व्हा. ज्या दिवशी तुमच्या मॉडवर दुसरा पैसे कमवायला लागेल, त्या दिवशी ती उमेदवारी संपली. तिथून पुढे वाटा मागायचा, आणि मिळत नसेल तर कल्पना घेऊन बाहेर पडायचं, पिअर्ससारखं.

आणखी एक आक्षेप मला बोचतो, कारण त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. ही वाट सवड असलेल्यांची आहे. ग्रीन मॉडवर काम करत होता त्या काळात आयर्लंडमध्ये सरकारी भत्त्यावर राहत होता, हे त्यानेच सांगितलं आहे. परभणीच्या किंवा चंदगडच्या मुलाला असा भत्ता कोण देणार? त्याच्या घरी कॉम्प्युटर नाही, मोबाइल आहे, आणि मोबाइलवर मॉडिंग जवळपास होतच नाही. पण हा आक्षेप मॉडिंगविरुद्ध वापरून आपण अभ्यासक्रमाकडे वळलो तर दरी वाढते, कमी होत नाही. कारण गेम डिझाइनची फी मुंबई-पुण्याबाहेरच्या बहुतेक घरांना परवडत नाही, पण ‘डूम’चे नकाशे बनवायला कॉलेजच्या लॅबमधला जुना कॉम्प्युटर पुरतो. ‘डूम’चा सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्राम, १९९७ मध्येच खुला झाला, आणि ‘फ्रीडूम’ नावाचा पूर्ण मोफत मालमसाला उपलब्ध आहे, म्हणजे एक पैसा न देता आणि एकही कायदा न मोडता. त्या जुन्या इंजिनात एका खोलीवर दुसरी खोली ठेवता येत नाही. ही अडचण वाटते, पण नकाशा सपाट कागदावर विचारपूर्वक आखायची सवय त्यातूनच लागते. तीस वर्षांपूर्वीच्या गेमवर आजही माणसं नवे नकाशे बनवतात, ते नॉस्टॅल्जियापोटीच नाही.

आपल्याकडे मॉडिंग नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी ‘क्रिकेट ०७’ आठवावा. ईए या गेम कंपनीने २००६ च्या अखेरीस काढलेला तिचा तो शेवटचा क्रिकेट गेम. आयपीएल सुरू झाली २००८ मध्ये, म्हणजे त्या गेमला आयपीएल ठाऊकच नव्हती. तरी चेन्नईची पिवळी आणि मुंबईची निळी जर्सी त्या गेममध्ये वर्षानुवर्षं उतरत राहिली, नव्या मोसमाचे संघ, नवे चेहरे, नवी मैदानं, टीव्हीवर दिसतो तसा धावफलक. हे केलं भारतातल्या, पाकिस्तानातल्या, बांगलादेशातल्या पोरांनी. बिग नावाच्या गाठोड्यांतून एफएसएच चित्रफायली बाहेर काढायच्या, फोटोशॉपमध्ये जर्सी रंगवायची, ती खेळाडूच्या अंगावर गुंडाळली की खांद्याजवळची शिवण जुळते का बघायची, जुळली नाही की पुन्हा. मूळ कंपनीने साधन दिलं नव्हतं, कागद नव्हता, शिकवायला कुणी नव्हतं. कंपनीने सोडून दिलेला गेम या मुलांनी दशकभराहून जास्त चालता ठेवला. गेम उद्योगात यालाच लाइव्ह ऑपरेशन्स म्हणतात आणि त्यासाठी वेगळी टीम ठेवतात.

मग ही मुलं गेली कुठे? बरीचशी बँकेत, आयटीत, दुकानात. कारण त्यांच्या कामाला नाव नव्हतं. पॅच, म्हणजे गेममध्ये घालायचा असा बदल, टोपणनावाने निघायचा, गेमची प्रत बहुतेकांकडे सायबर कॅफेतून आलेली चोरीची, आणि संघांची चिन्हं विनापरवाना वापरलेली. असं काम बायोडेटात कसं लिहायचं? हा दोष मी मुलांवर टाकत नाही. त्या काळी अस्सल प्रत घेणं किती घरांना शक्य होतं? पण आज तो अडथळा नाही. जुने गेम सेलमध्ये एका पिझ्झ्याच्या किमतीत मिळतात. आजच्या मुलाला मी कळकळीने सांगेन: अस्सल प्रतीवर काम कर, स्वतःच्या नावाने काम कर, कुणाची चिन्हं आणि चेहरे उचलू नकोस, आणि काय बिघडलं, कसं दुरुस्त केलं ते मराठीत का होईना, लिहून ठेव. ती टिपणंही आम्ही पोर्टफोलिओतच धरतो.

आणि धोरण आखणाऱ्यांना सांगणं असं. त्या ३,२६८ कोटींतून इमारती उभ्या राहतील, स्टुडिओंना सवलती मिळतील, ते हवंच आहे. पण प्रवेशाच्या वेळी पूर्ण केलेला, लोकांनी खेळलेला मॉड हा प्रवेश परीक्षेइतका ग्राह्य धरा. पहिल्या वर्षाच्या मुलांना कोऱ्या इंजिनावर बसवण्याआधी चालू गेमवर काम द्या. जिल्ह्याजिल्ह्यातल्या आयटीआय आणि कॉलेजांच्या लॅब संध्याकाळी उघड्या ठेवा. नाट्यस्पर्धांना सरकार हॉल देतं, मॉड बनवणाऱ्यांना कॉम्प्युटर का देऊ नये? कंपन्यांकडूनही एवढं मागायला हवं की साधनं खुली करा, श्रेय छापा, आणि विक्री झाली तर वाटा आधीच ठरवा. मेलबर्नच्या बिग अँट स्टुडिओने ‘डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४’मध्ये खेळाडू आणि संघ बनवायची अकादमी लोकांच्या हाती दिली, आणि लोकांनी जगभरचे संघ भरून दिले. हे करता येतं, क्रिकेटमध्ये करता येतं, कायद्यात राहून करता येतं. आपल्याकडचा ‘रिअल क्रिकेट’ बनवणाऱ्या नॉटिलस मोबाइलचा ताबा २०२५ मध्ये क्राफ्टनने घेतला. क्राफ्टन म्हणजे पबजीची कंपनी, तिचं सगळं साम्राज्य ज्या गेमवर उभं आहे त्याची कल्पना एका हौशी माणसाच्या मॉडमधून आली. मॉडरला दार उघडल्यावर काय मिळतं हे या कंपनीला समजावून सांगायची गरज नसावी. तिने ‘रिअल क्रिकेट’ची साधनं इथल्या मुलांना द्यावीत, स्पष्ट परवाना लिहून द्यावा, आणि उत्तम काम करणाऱ्यांना पुढच्या भरतीत मुलाखतीला बोलवावं.